लिटर नव्हे, युनिट मोजा

पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : 'कंप्रेसर नसलेला, आवाज न करणारा छोटा फ्रीज फक्त 65 वॉटचा आहे. तो घेतला तर बिल किती वाढेल?'

वॉटचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. यंत्र दिवसात किती वेळ चालते, ही उरलेली अर्धी. कंप्रेसरचा फ्रीज आत पुरेसा गारवा झाला की थांबतो. कंप्रेसर नसलेल्या या डब्यांत बहुधा पेल्टिए परिणाम वापरलेला असतो. दोन वेगळ्या धातूंच्या जोडणीतून वीज गेली की एक सांधा गार होतो आणि दुसरा गरम, हे 1834 मध्ये ज्याँ पेल्टिए यांनी दाखवले. घड्याळे बनवण्याचा धंदा सोडून विज्ञानाकडे वळलेला हा फ्रेंच माणूस! शोध सुंदरच, पण अन्न गार ठेवण्याच्या कामात तो कंप्रेसरपेक्षा फार मागे पडतो. असा डबा बाहेरच्यापेक्षा साधारण 15 ते 20 अंशच खाली जातो. मे महिन्यात अकोल्यात पारा 44 वर असताना आत किमान 24 अंश राहणार. त्यात दूध टिकत नाही. शिवाय हवा तो गारवा कधी येतच नसल्याने यंत्र अखंड चालते. 65 वॉट रात्रंदिवस म्हणजे वर्षाला सुमारे 570 युनिट.

महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांनंतर एकदम चढतो आणि फ्रीजची भर आधीच्या वापरावर पडते. म्हणून युनिटला 10 रुपये धरू. वर्षाचे झाले 5,700 रुपये. चांगल्या स्टारच्या, एका दाराच्या 190 लिटरच्या फ्रीजवर वर्षाला 200 युनिटांच्या आतला आकडा सहज सापडतो. म्हणजे 2,000 रुपयांच्या आत.

मग कंप्रेसरचा छोटा फ्रीज? तो पेल्टिएपेक्षा कितीतरी बरा, पण आकाराच्या प्रमाणात वीज वाचवत नाही. कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तेच इथे उलट्या दिशेने घडते. 200 लिटरऐवजी 50 लिटरचा फ्रीज घेतला तर जागा चौपट कमी होते, पण उष्णता आत शिरण्याचा पृष्ठभाग फक्त अडीचपट घटतो. त्यात आत जागा मिळावी म्हणून भिंती पातळ केल्या, तर उष्णतेला वाट आणखी मोकळी.

हे हिशेब ग्राहकासमोर यावेत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या आर्थर रोझेनफेल्ड यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींचा हा विद्यार्थी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत कणभौतिकी करत होता. 1973च्या तेलसंकटात एका शुक्रवारी रात्री ते आपल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांतले दिवे बंद करायला निघाले, तर कित्येक बटणे कपाटांमागे आणि पोस्टरांमागे दडलेली! ती कुणी कधी बंदच करत नसे. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड गोल्डस्टीन यांनी बाजारातल्या फ्रीजांचे आकडे तपासले, तेव्हा किंमत आणि वीजवापर यांचा मेळच बसेना. महाग फ्रीज कमी वीज खातो, असे मुळीच नव्हते. मग कॅलिफोर्नियाने फ्रीजसाठी वीजवापराची मर्यादा घातली, नंतर साऱ्या अमेरिकेने. अमेरिकेतला नवा फ्रीज 1970च्या दशकात वर्षाला सुमारे 1,800 युनिट खात असे. 2001 पर्यंत तो 500च्या आत आला. याच काळात फ्रीज मोठे झाले आणि स्वस्तही. एखाद्या नव्या वीजकेंद्राइतकेच मोल या कामाला द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

भारतात 2006 पासून स्टार लेबल आहे. त्यावरच्या ताऱ्यांपेक्षा वर्षाच्या युनिटांचा आकडा आधी वाचा, त्याला 10 ने गुणा आणि ती रक्कम फ्रीज जितकी वर्षे वापरणार तितक्यांदा किमतीत मिळवा. जागा खरोखरच नसेल, तर कंप्रेसरचा आणि लेबल असलेलाच छोटा फ्रीज घ्या. ज्या डब्यावर हा आकडाच छापलेला नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.