माशांच्या पाण्याचा पिंप

फिशटँकचं पाणी बदलायचं तर नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवतात. २४ तासांत बराचसा क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन मात्र उडत नाही, त्याला औषधच लागतं. एवढं पाणी ठेवायला भंगारवाल्याकडचा निळा पिंप स्वस्त पडतो. पण भाव करण्याआधी विचारा, यात काय होतं?

सिरप, व्हिनेगर असेल तर चालेल. लोणचंही, वास जाईपर्यंत धीर असेल तर. कीटकनाशक, थिनर, फिनेल असेल तर फुकटातही नको. प्लॅस्टिक दिसतं घट्ट, पण अशी रसायनं त्यात मुरतात आणि कितीही धुतलं तरी हळूहळू पाण्यात उतरत राहतात. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. कल्ल्यांतून ती थेट रक्तात जातात. म्हणून साबणही नको, खायचा सोडा आणि गरम पाणी पुरे.

तळाच्या त्रिकोणात २ किंवा ५ असेल तर उत्तम. मात्र तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, पूर्वेतिहास नाही. आणि आजीचा तांब्याचा हंडा माळ्यावरच राहू दे! आपल्याला मानवणारं तांबं माशांना बाधतं, कोळंबीला तर फारच.

शंका असेल तर पिंप भरून, झाकून दोन दिवस उन्हात ठेवा. झाकण काढताच वास आला, तर त्यात खाण्याचं नसलेलं सुकं सामान भरा.