मोड आलेला गहू आणि कोंबडीची चोच

मटकीला मोड कसे आणायचे हे मराठी घरात कुणाला शिकवावे लागत नाही. रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची. दुसऱ्या दिवशी पांढरे कोंब फडक्यातून डोकावू लागतात. हीच कृती परसातल्या कोंबड्यांसाठी गव्हावर करता येते. त्या दोन दिवसांत दाण्याच्या पोटात जे घडते ते थक्क करणारे आहे.

सुका दाणा म्हणजे कुलूपबंद कणगी. पाणी शिरले की कोपऱ्यात निजलेला अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. ते सालीलगतच्या पातळ थरापर्यंत पोहोचते आणि तो थर पिठाची साखर करणारी विकरे तयार करतो. या संप्रेरकाचा माग भाताच्या एका रोगामुळे लागला. रोग झालेली रोपे भलतीच उंच होत आणि कोलमडत. जपानी शेतकरी त्यांना ‘बाकानाए’, म्हणजे खुळे रोप, म्हणत. ही उंची बुरशीच्या स्रावामुळे येते, हे एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले. तसाच पदार्थ निरोगी झाडेही स्वतःपुरता बनवतात, हे नंतर उलगडले.

कोंबडीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा बदल मात्र फॉस्फरसचा. धान्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या रूपात अडकलेला असतो. तो सोडवणारे फायटेज हे विकर कोंबडीच्या आतड्यात फारच थोडे असते. त्यामुळे पुष्कळसा फॉस्फरस विष्ठेतून वाया जातो, आणि फायटेट जस्त, लोह, कॅल्शियम यांनाही धरून ठेवते. अंकुराला तोच फॉस्फरस वाढीसाठी हवा असतो, म्हणून दाणा स्वतःच फायटेज कामाला लावतो. कोंबडीला न उघडणारे कुलूप बी आतून उघडते! गव्हात आणि जवात हे विकर मुळातच बरे असते, मक्यात अगदी कमी. मोडांसाठी म्हणूनच मी गहू आधी निवडेन.

मोडांत क जीवनसत्त्व वाढते हे खरे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आलेली कडधान्ये स्कर्व्हीवर उपयोगी पडतात हे दाखवले होते. पण कोंबडी क जीवनसत्त्व आपल्या मूत्रपिंडात स्वतःच तयार करते. तिला त्याची वाण नाही. तिला स्वतःला बनवता येत नाही ते बलकाचे पिवळे रंगद्रव्य. ते हिरव्या पात्यातून मिळते, म्हणून मोड उजेडात सहा-सात दिवस वाढू दिले तर बलक गडद होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बर्फाळ हिवाळ्यात हिरवा चारा नसे, तेव्हा कुक्कुटपालक घरातच ओटला मोड आणून कोंबड्यांना घालत.

एक किलो धान्याचा सहा-सात किलो चारा होतो, असे मोठ्या कौतुकाने सांगतात. वाढलेले ते वजन पाण्याचे आहे. श्वसनात पीठ जळते, त्यामुळे सुके वजन उलट घटते. म्हणून मोड हे पूरक खाद्य. रोजचे समतोल खाद्य आणि अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा यांची जागा त्यांनी घेऊ नये. दहा कोंबड्यांना दिवसाला दोन-तीन मुठी पुरेत.

गहू आठ ते बारा तास भिजवावा, पाणी पूर्ण निथळावे, आणि चाळणीत किंवा तळाला भोके असलेल्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर पसरावा. दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावा. थर जाड झाला किंवा पाणी साचले की आतून ऊब धरते, आंबूस वास येतो आणि बुरशी चढते. ‘कोंबड्यांना काय, चालतंय’ असे इथे अजिबात चालत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले; दोष निघाला खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवरच्या बुरशीचा. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. शंका आली तर सगळा थर फेकून द्यावा.

ज्वारीला मोड आणू नयेत. तिच्या कोवळ्या कोंबांतून सायनाइडचे विष सुटते. गुरांना किराळ लागते ती यानेच. पेरणीसाठी औषध चोळलेले रंगीत बियाणेही वापरू नये, कारण थायरमसारख्या बुरशीनाशकाने कोंबड्या मऊ कवचाची अंडी घालतात आणि पिलांचे पाय अधू होतात. बाजारातून साधा, खायचा गहू आणावा.

सातव्या दिवशी मुळे एकमेकांत गुंतून गव्हाची घट्ट चटई होते. ती उचलून तशीच खुराड्यापुढे ठेवावी. कोंबड्या आधी हिरवी टोके खुडतात, मग पायांनी चटई विस्कटून मुळांत लपलेला एकेक दाणा वेचतात. त्या कामात त्यांची अख्खी सकाळ जाते.