गेटपाशी दुकान, मागे आईचं भांडवल

दिवाळीला आठवडा उरला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या गेटपाशी घडीचं टेबल येतं. त्यावर पणत्या, रांगोळीच्या पुड्या, उटणं आणि मागे चौथी ते आठवीतले तीन-चार मालक. "काका, दोन डझन घेतल्या तर एक फ्री!" पैसे द्यायला चिकटवलेला क्यूआर कोड मात्र कुणाच्या तरी आईचा. भांडवलही बहुधा तिचंच. हिशेबात ते धरायचं राहून जातं, त्यामुळे नफा भरघोस दिसतो.

याच खेळातून आईला वगळलं तर काय होईल? परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ त्याचंच उत्तर देतो. मधुगंधा कुलकर्णी यांची कथा असलेला हा चित्रपट 14 नोव्हेंबर 2014 रोजी, बालदिनी, प्रदर्शित झाला. पंढरपुरात आईचं विणकामाचं यंत्र बँकेच्या कर्जापायी जातं आणि घरात विकण्याजोगी उरते ती एलिझाबेथ, म्हणजे वडिलांची आठवण असलेली सायकल. ती वाचवायला ज्ञानेश, धाकटी मुक्ता आणि दोस्त मंडळी एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचा स्टॉल टाकतात. आईला पत्ताही नसतो.

हसू येतं ते पोरांच्या गांभीर्यामुळे. दोस्तांपैकी गण्यासारखं पोरगं तोंडाने फटकळ, पण धंद्याची भाषा बोलताना मुरलेल्या दुकानदाराच्या आवेशात असतं.

या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘काका मुट्टै’ या तमिळ चित्रपटासोबत विभागून मिळाला. त्यातही झोपडपट्टीतली दोन भावंडं रुळांकाठचा कोळसा वेचून विकतात, पिझ्झा खायला मिळावा म्हणून.

कायद्याच्या नजरेत मात्र या छोट्या दुकानदारांची पत शून्य. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीला करार करता येत नाही; 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याने पोरांना उधारीवर माल दिला आणि ती फिरकलीच नाहीत, तर त्या कराराच्या जोरावर वसुली करता येत नाही. व्यापारी म्हणूनच रोख मागतो. रोख देते आई. 2016 च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदाही चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात हातभार लावू देतो; म्हणजे इथेही आधार घरच्यांचाच.

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री टेबल आवरलं जातं. उरलेल्या पणत्या आईच विकत घेते, तेही पूर्ण भावाने.