मोकळी दारू, कोंडलेली दारू

स्फोटाचं विज्ञान : लेखांक 7

29 ऑक्टोबर 2016 रोजी, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या औरंगाबाद शहरातल्या औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला. बघता बघता शंभराहून अधिक दुकानं आणि शेजारी उभ्या असलेल्या गाड्या खाक झाल्या. मागच्या आठवड्यात आपण सोरा, गंधक आणि कोळसा यांची ओळख करून घेतली. त्या मैदानावर पेटली ती मुख्यतः याच कुळातली दारू. ठासणीच्या बंदुकीतही हीच असते. मग बंदूक हाती धरून झाडता येते आणि फटाक्यांनी मैदान जळतं, हे कसं?

फरक कोंडण्याचा आहे. सोरा, गंधक आणि कोळशाची ही काळी दारू उघड्यावर भुरकन जळते, धूर होतो, संपतं. तीच कागदाच्या नळीत घट्ट बांधली की वायूंना वाट मिळत नाही, दाब चढतो आणि नळी फुटते. काडतूस म्हणजे हा कोंडमारा मोजूनमापून केलेला. तळाशी पितळी बूड, त्यात आघाताने पेटणारी टोपी, वर दारू, मग डाट, त्यावर छर्रे आणि शेवटी दुमडून बंद केलेलं तोंड. 12 बोअरच्या नेहमीच्या काडतुसात दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीनशे पटींवर जातो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात.

आता काडतूस घरी भरण्याच्या प्रयोगांबद्दल. अमेरिकेत नेमबाज असे प्रयोग करतात आणि त्याचे व्हिडिओ आपल्याकडची तरुण मुलं आवडीने पाहतात. टेबलावरचं यंत्र, तराजू, रंगीत प्लास्टिकची नळकांडी, सगळं सोपं वाटतं. व्हिडिओत न दिसणारी गोष्ट म्हणजे दारूची जात. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली. तिचा स्वभाव काळ्या दारूपेक्षा फार वेगळा. दाब वाढेल तशी ती आणखी वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणून टोपी बदलली, डाट बदलला, छर्ऱ्यांचं वजन किंचित वाढवलं, तरी सगळं गणित बदलतं. काळ्या दारूच्या मापाने धूररहित दारू ठासली तर जुन्या बंदुकीची नळी चिरफाळते आणि डावा हात तिच्याच खाली असतो.

कमी भरणंही तितकंच घातक. दारू कमी पडली की बार फुसका जातो आणि डाट नळीतच अडकून राहतो. चालवणाऱ्याला वाटतं, काडतूस खराब होतं. तो दुसरं भरतो, घोडा ओढतो, आणि पुढे वाट बंद असल्याने नळीच फाटते. मला या सगळ्यात हाच प्रकार सर्वांत भीतिदायक वाटतो, कारण पहिल्या चुकीचा आवाजसुद्धा मोठा होत नाही.

कारखान्यात याच कारणाने प्रत्येक खेपेतली काही काडतुसं काढून दाब मोजण्याच्या खास नळीतून झाडून पाहतात. पुण्याजवळच्या खडकीत 1869 पासून दारूगोळा कारखाना आहे आणि तिथे 12 बोअरची काडतुसंही बनत आली आहेत. घरी तशी चाचणी करायची सोय नसते. तिथे चाचणीची नळी म्हणजे स्वतःचीच बंदूक.

कायदाही स्पष्ट आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रं येतात. परवान्याशिवाय तो बनवला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे, वरची मर्यादा जन्मठेप. फटाक्यांचीही कलमं 2008 च्या स्फोटक नियमांत आहेत: तात्पुरत्या दुकानांमध्ये किमान 3 मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत, एका समूहात 50 पेक्षा जास्त दुकानं नकोत. हे आकडे कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. एका दुकानातली ठिणगी दुसऱ्यात जायला किती जागा लागते, त्याचा हा हिशेब आहे.

मराठवाड्यातल्या काही जुन्या वाड्यांत आजोबांच्या शिकारीच्या दिवसांतली कागदी नळकांड्यांची काडतुसं अजून ट्रंकेत सापडतात. ती उघडून पाहू नका, उन्हात वाळवू नका, कचऱ्यात टाकू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि ते सांगतील तशी जमा करा. काडतुसातली ती इवलीशी टोपी नेमकी कशी पेटते, ते पुढच्या आठवड्यात.