परदेशाची वाट तहसील कचेरीतून जाते

१९१३ साली बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊनच आले. पैसा आणि मुदत या अडचणी तेव्हाही होत्या. आज त्यात तिसरी भर पडली आहे, ती कागदांची.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव, अक्कलकुव्याची माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा त्यांना कुणी कागद विचारत नाही. मात्र त्यांच्याच मुलाने विमानात बसायचे ठरवले, की घरातला प्रत्येक कागद साक्षीला उभा राहतो.

शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले, गुणपत्रिकेवर स्पेलिंग तिसरेच! व्हिसा अधिकाऱ्याला ही तीन माणसे वाटतात. शाळेत असताना ही दुरुस्ती सोपी असते, शाळा सुटल्यावर राजपत्रापर्यंत धावावे लागते. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद वर्षभरात झाली नाही, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पुढे त्या देशात स्थायिक व्हायचे, बायको-मुलांना न्यायचे, तर हाच जन्मदाखला आडवा येतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मागताना खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. शेतमजुराने ती कोठून आणायची? येथे सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र पुराव्याचे काम करते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. आदिवासींसाठी केंद्राच्या जागा मात्र संपूर्ण देशाला मिळून अवघ्या वीस! त्यात निकाल अनेकदा उशिरा लागतो आणि विद्यापीठातला प्रवेश हातचा जातो. उशिरा दिलेली शिष्यवृत्ती ही नाकारलेलीच शिष्यवृत्ती होय.

तिसरा वर्ग आखातात कामाला जाणाऱ्यांचा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टला इसीआर म्हणतात. अशा माणसाला सौदी, कतार, कुवेतसह अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते. ही अडवणूक नसून संरक्षण आहे. दलाल ती टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवतो, मग तेथे मजुरी बुडाली तरी दाद मागताना माणूसच गुन्हेगार ठरतो. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे पावतीशिवाय देऊ नका, मूळ पासपोर्ट कोणाच्याही हवाली करू नका आणि एजंटची नोंदणी ई-मायग्रेट यंत्रणेत तपासून घ्या.

समाज कल्याण कार्यालयाने आणि नंदुरबार व तळोदा येथील आदिवासी प्रकल्प कार्यालयांनी प्रत्येक वसतिगृहात, आश्रमशाळेत वर्षातून एकदा कागदपत्र दुरुस्तीचे शिबिर घ्यावे. आपल्या कार्यकर्त्यांनीही जयंतीच्या वर्गणीतून एक टेबल, एक संगणक एवढे तरी उभे करावे. नववीतल्या मुलाचा दाखला आज नीट झाला, तर दहा वर्षांनी त्याचा व्हिसा अडणार नाही. बाबासाहेब ज्या वाटेने गेले, ती वाट आपल्या मुलांसाठी स्पेलिंगच्या एका चुकीने बंद होता कामा नये.