डायनोची पत्रके कशी वाचावीत: शर्यतीच्या क्वाड बाइकच्या फेरबदल केलेल्या इंजिनांची तुलना

उद्दिष्ट: हा पाठ वाचल्यावर तुम्हाला दोन डायनो पत्रके शेजारी ठेवून त्यांतली खरी तफावत ओळखता येईल.

यामाहा बॅन्शी ही क्वाड बाइक अमेरिकेत १९८७ च्या मॉडेलपासून विकली गेली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचे आणि ३४७ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ६४ मिमी आणि पिस्टनची धाव ५४ मिमी. पोर्टचा आकार बदलणे आणि एक्झॉस्टला वेगळा एक्स्पान्शन चेंबर लावणे हे या इंजिनावरचे नेहमीचे फेरबदल. त्यांचा परिणाम दाखवण्यासाठी डायनोचे पत्रक पुढे केले जाते.

समजा, असे एक इंजिन दोन वर्कशॉपमध्ये वेगवेगळे पाइप लावून तपासले. पत्रक 'क' सांगते: ९५०० आरपीएमला ५८ अश्वशक्ती. पत्रक 'ख' सांगते: ८५०० आरपीएमला ५६ अश्वशक्ती. तुमच्याकडे एकाच पाइपपुरते पैसे आहेत. कोणता घ्याल? (या पाठातील पत्रकांचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत.)

१. डायनो काय मोजतो?

इनर्शिया डायनोमध्ये चाके एक जड ड्रम फिरवतात. ड्रमचे जडत्व-आघूर्ण ठाऊक असते, त्यामुळे त्याचा वेग किती झपाट्याने वाढतो यावरून शक्ती काढता येते. ब्रेक डायनो इंजिनावर भार टाकून वेग स्थिर धरतो आणि टॉर्क मोजतो. दोन्हींत टॉर्क आणि शक्तीचे नाते एकच आहे:

अश्वशक्ती = टॉर्क (न्यूटन-मीटर) × आरपीएम ÷ ७१२१

मेट्रिक अश्वशक्ती वापरली असेल तर भाजक ७०२३ येतो आणि त्याच इंजिनाचा आकडा सुमारे १.४ टक्के मोठा दिसतो. म्हणून पहिला प्रश्न एककाचा. दुसरा प्रश्न मोजणीच्या जागेचा: क्रँकशाफ्टवर मोजले की मागच्या चाकांवर? चाकांपर्यंत येताना गिअर, चेन आणि टायरमध्ये काही शक्ती खर्च होते. क्वाडचे टायर रुंद आणि कमी हवेचे असल्याने ते ड्रमवर दबतात, घसरतातही. टायरमधली हवा बदलली तरी आकडा हलतो.

२. हवेचा हिशेब

हवा विरळ असेल तर इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. म्हणून मोजलेल्या शक्तीला दुरुस्ती-गुणक लावतात. एसएई जे १३४९ या मानकात संदर्भ म्हणून २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरतात:

गुणक = १.१८ × (९९ ÷ कोरडा दाब) × √((तापमान + २७३) ÷ २९८) − ०.१८

सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ३० अंश तापमानाला कोरडा दाब ९३ किलोपास्कल आहे असे धरा. गुणक १.०८७ येतो. म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली ५० अश्वशक्ती कागदावर ५४.३ छापली जाते.

'एसटीडी' नावाने छापली जाणारी जुनी पद्धत जास्त थंड आणि जास्त दाबाची हवा संदर्भ धरते. तिचा आकडा एसएईपेक्षा सुमारे ४ टक्के मोठा येतो. आता पत्रक 'क' एसटीडीत आणि 'ख' एसएईत आहे असे कळले, तर ५८ ÷ १.०४ = ५५.८. दोन अश्वशक्तींची आघाडी संपली.

३. चाचणी कशी घेतली?

टू-स्ट्रोकचा पाइप दाबलहरींवर काम करतो आणि लहरींचा वेग वायूच्या तापमानावर अवलंबून असतो. इनर्शिया डायनोवरची चाचणी काही सेकंदांत संपते, त्यामुळे पाइप तुलनेने थंड राहतो. ब्रेक डायनोवर भाराखाली तो तापतो आणि शक्तीचे शिखर वरच्या आरपीएमकडे सरकते. इनर्शिया डायनोवर गिअरही तोच हवा: खालच्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने वेग घेते, स्वतःचे भाग फिरवण्यात जास्त शक्ती खर्च करते आणि आकडा कमी येतो.

४. शिखर पाहू नका, पट्टा पाहा

गिअर बदलला की आरपीएम खाली येतो. शर्यतीत इंजिन या खालच्या आणि वरच्या आरपीएममधल्या पट्ट्यात चालते. दोन्ही पत्रके एसएईत आणून दर ५०० आरपीएमला वाचू:

'क', ७५०० ते ९५००: ३८, ४४, ५०, ५४, ५५.८. सरासरी ४८.४.
'ख', ७००० ते ९०००: ४६, ५०, ५४, ५६, ५४. सरासरी ५२.०.

शिखरे जवळजवळ सारखी, पण वापरातल्या पट्ट्यात 'ख' साडेतीन अश्वशक्तींनी पुढे आहे. वळणातून बाहेर पडताना चालकाला जाणवतो तो हा फरक. २००४ मध्ये आलेल्या यामाहा वायएफझेड ४५० च्या ४३९ सीसी फोर-स्ट्रोक इंजिनाशी बॅन्शीची तुलना करतानाही शिखरापेक्षा पट्टाच पाहावा.

५. फरक खरा आहे का?

'ख' च्या तीन फेऱ्या ५५.२, ५६.१ आणि ५६.७ आल्या असतील, तर सरासरी ५६.० आणि विस्तार १.५ आहे. अशा डायनोवर एका फेरीत दिसलेल्या एका अश्वशक्तीच्या वाढीवरून काहीच ठरवता येत नाही. फेरबदलाआधी आणि नंतर, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, किमान तीन फेऱ्या घ्या.

शेवटी इंधन पाहा. पेट्रोल आणि मिथेनॉलवरचे आकडे थेट तुलनेचे नाहीत. मिश्रणात इंधन थोडे कमी केले की शक्ती काहीशी वाढू शकते. डायनोवरच्या काही सेकंदांत इंजिन ते सोसते, पण लांब सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला पिस्टन तापून जाम होऊ शकतो. मागची चाके अचानक अडकली तर चालकाच्या जिवावर बेतते. म्हणून ज्या पत्रकावर हवा-इंधन गुणोत्तर किंवा एक्झॉस्टचे तापमान नाही, त्यावरचा मोठा आकडा स्वीकारू नका. वरच्या उदाहरणात 'ख' निवडावा, पण ही नोंद पाहिल्यावरच.

स्वाध्याय

१. मोजलेली शक्ती ४८ अश्वशक्ती, कोरडा दाब ९६ किलोपास्कल, तापमान ३५ अंश. एसएई आकडा काढा. (उत्तर: सुमारे ५०.७)
२. ८००० आरपीएमला 'क' आणि 'ख' चा टॉर्क काढा. (उत्तर: सुमारे ३९.२ आणि ४८.१ न्यूटन-मीटर)
३. दोन पत्रकांची तुलना करण्याआधी विचारायच्या प्रश्नांची यादी तुमच्या शब्दांत लिहा.