एका ओळीत न मावणारे गणित

चुनखडी आणि सिमेंटसाठी ओळखल्या जाणाऱ्या गडचांदूरच्या परिसरात बनणाऱ्या सिमेंटची मजबुती मुख्यतः ज्या पदार्थावर उभी असते, तो ट्रायकॅल्शियम सिलिकेट सिमेंटच्या रसायनशास्त्रात ‘सी-थ्री-एस’ या खुणेने ओळखला जातो. यातील सी म्हणजे कार्बन नव्हे, तर चुना, अर्थात कॅल्शियम ऑक्साइड. एस म्हणजे सिलिका. आणि ३ हा सी या अक्षराच्या पायाशी बारीक आकारात लिहावयाचा अंक. हा अंक वहीत सहज उतरतो, परंतु संगणकावरील साध्या मजकुरात अक्षरामागून अक्षर एकाच रेषेत चालत असल्यामुळे त्याला खाली बसायला सहसा जागा उरत नाही. घातांक, वर्गमूळ आणि अपूर्णांक यांचीही हीच अडचण असून, ‘१/२क्ष’ असे लिहिल्यास तो क्ष चा अर्धा भाग की १ भागिले २क्ष, हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते.

ओळीत गणित बसविण्याची खटपट नवी नाही. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले असून तिच्यासाठी ‘या’, वर्गासाठी ‘व’ आणि सुट्या संख्येसाठी ‘रू’ ही आद्याक्षरे योजली आहेत. त्यामुळे आजचे क्ष² + ४क्ष + ३ तेथे ‘याव १ या ४ रू ३’ असे सरळ ओळीत वाचता येते. ऋण संख्या मात्र तिच्या डोक्यावर टिंब देऊन दाखवीत, आणि नक्कल करणाऱ्याच्या बोरूतून ते टिंब सुटले की ऋणाचे धन व्हायला वेळ लागत नसे.

डोनाल्ड कनुथ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीने चिन्ह कसे दिसते याऐवजी त्याची रचना काय आहे हे लिहिण्याची रीत रूढ केली. उलटी तिरपी रेघ, तिला लागून अपूर्णांकाची आज्ञा, आणि पुढे दोन महिरपी कंस, पहिल्यात अंश व दुसऱ्यात छेद, एवढे लिहिले की मधली आडवी रेघ संगणक स्वतः आखतो. अशी सूत्रे डॉलरच्या चिन्हांमध्ये ठेवली असता, ती वेब-पानावर रेखीव करून दाखविण्याचे काम ‘मॅथजॅक्स’सारखी साधने करतात.

खरा घोळ होतो तो सोप्या खुणांनी मजकूर सजविणाऱ्या ‘मार्कडाउन’ या पद्धतीशी गाठ पडल्यावर. जॉन ग्रूबर यांच्या या २००४ मधील पद्धतीत अधोरेषा म्हणजे तिरपा ठसा, तर ‘टेक’मध्ये तीच अधोरेषा म्हणजे पायाशी बसणारा अंक, परिणामी अ_१ + अ_२ यातील दोन अधोरेषांच्या मधला मजकूर तिरपा होऊन सूत्र बिघडू शकते. डॉलरमधील किंमत एकाच वाक्यात दोनदा आली, तर मधले सारे शब्द सूत्र समजले जाण्याचीही भीती असते.

मराठी लेखकापुढे याहून वेगळा पेच आहे. गुणाकाराचे चिन्ह गाळून अ आणि क्ष शेजारी लिहिले की ‘अक्ष’ हा आस या अर्थाचा सरळ शब्दच तयार होतो. शिवाय संगणकाच्या लेखी क्ष हे एक अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांची जोडणी असते, आणि सूत्रातील प्रत्येक संकेत वेगळे चल मानणारी प्रणाली ही जोडणी तोडण्याचा संभव असतो. म्हणून क्ष ला मजकूर म्हणून वेगळ्या आज्ञेच्या कंसात बंद करूनच सूत्रात बसवावे लागते.